पायलीभर कोंड्याचा वारस

मी एक जुनी पायली आहे. बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाची, काठावर लोखंडी कडं असलेली, बुडाशी थोडी झिजलेली. मित्रांनो, तुम्ही शाळेत किलो आणि लिटर शिकता, म्हणून तुम्हाला मी कदाचित ठाऊकही नसेन. तुमच्या आजीला विचारा. तिच्या घरात धान मोजायचं ते माझ्यासारखीनंच.

आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव संशयी आहे. कोणी मला हातात घेतलं की मी त्याचं तोंड बघत नाही, अंगठा बघते. देताना ज्याचा अंगठा माझ्या काठाच्या आत उतरतो, त्याचं बोलणं कितीही गोड असो, मला पुढचं कळतं. अंगठ्यामागून अर्धा तळवा आत येतो आणि तेवढं धान समोरच्याच्या पदरात कमी पडतं. घेताना मात्र तोच अंगठा बाहेर असतो आणि काठाच्या वर धानाची शीग चढते. 'मापात पाप' म्हणतात ते हेच. पाप हाताचं असतं आणि नाव माझं खराब होतं.

भंडाऱ्याकडच्या एका सुतारानं मला घडवलं. मला आतून तासताना तो पुन्हापुन्हा दुसऱ्या पायलीतलं धान माझ्यात ओतून बघायचा. मग गिऱ्हाईक आलं, त्यानंही स्वतःची पायली आणून मला पडताळलं. जन्मल्या जन्मल्या माझ्यावर एवढा अविश्वास दाखवल्यावर मी तरी कोणावर कशाला विश्वास ठेवू?

ते गिऱ्हाईक म्हणजे गिरजाबाईचा बाप. लेकीच्या लग्नात त्यानं मला तिच्याबरोबर दिलं. तिचा नवरा रामाजी रेल्वेत गँगमन होता, दुर्गच्या लाइनीवर. रूळ ठोकून जे उरे त्यातून त्यानं भिलाईजवळच्या कुरुदला एक वावर घेतलं आणि दोन खोल्यांचं मातीचं घर बांधलं. आजूबाजूला सारं छत्तीसगढी गाव. मराठी बोलणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी. शेजारचं वावर शकुबाईचं. तिचा नवराही गँगमन होता, गाडीखाली गेला. मूलबाळ काही नव्हतं. ती तरुणपणीच एकटी पडली आणि वावराला धरून राहिली.

गिरजाबाईच्या घरात पाळणा बांधायचे आणि काही महिन्यांनी सोडायचे. पहिल्या लेकरांतलं एकही जगलं नाही. मग मुलगा झाला तेव्हा जुन्या बायकांनी रीत सांगितली, की हे लेकरू विकून टाक. काळ दारावर येईल तेव्हा त्याला कळलं पाहिजे की हे या घरचं नाही. विकायचं कोणाला? शकुबाईला. जिच्या घरात न्यायला काहीच उरलं नाही, तिच्या घराकडे काळ कशाला वळून बघेल, असा त्या बायकांचा हिशेब होता. शकुबाईला तो ऐकून काय वाटलं ते तिनं कोणाला सांगितलं नाही.

दोन वावरांच्या धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, व्यवहार झाला. गिरजाबाईनं लेकरू सुपात ठेवून आणलं. शकुबाईनं मला मागून घेतलं, माझ्यात कोंडा भरला आणि तो गिरजाबाईच्या पदरात ओतला. हे मोल. मग तिनं लेकराला एका चिंधीत गुंडाळलं आणि नाव ठेवलं चिंधू. लगेच ते गिरजाबाईच्या हाती परत देऊन मोठ्यानं म्हणाली, "हे माया लेकरू हाय. माया अंगावर दूध नाही, म्हणून तुयाकडे पाजाले ठेवते."

तेव्हापासून त्या घरात एक खोटं रोज मोठ्यानं बोललं जाई. चिंधू रडला की गिरजाबाई दाराकडे तोंड करून म्हणे, "शकुचं पोरगं रडून राहिलं वं." काळानं ऐकावं म्हणून. आणि चिंधू जगला. नंतर दुसरा मुलगा झाला, त्यालाही असंच विकलं. त्याचं नाव फकिरा.

या रीतीला एक शेपूट असतं. मुलगा मोठा होऊन त्याचं लग्न ठरलं, की आईनं त्याला परत विकत घ्यायचं. कोंडा नाही, धान द्यायचं, शिगोशीग भरून. मग त्याला खरं नाव ठेवायचं. फकिराचं लग्न ठकूबाईशी झालं, तेव्हा गिरजाबाईनं मला भरून शकुबाईच्या पदरात ओतलं आणि फकिराचा देवाजी झाला.

चिंधूची मात्र ही वेळ आलीच नाही. लग्नाआधीच तो आफ्रिकेत गेला. तिकडच्या रेल्वेच्या शेडात इकडची कामाची माणसं लागत होती. नैरोबीला तो फिटर झाला आणि तिथल्याच एका मराठी मिस्तरीची मुलगी केली. लग्न समुद्रापलीकडे लागलं. मी इकडे कोनाड्यात बसले होते. त्यामुळे चिंधू आयुष्यभर चिंधूच राहिला, आणि रीतीप्रमाणे बघायचं तर शकुबाईचाच राहिला.

नंतर भिलाईत लोखंडाचा कारखाना उभा राहू लागला. जिथं गुरं चरत तिथं धुराच्या चिमण्या चढल्या. रशियाचे साहेब आले, पंजाबचे, केरळचे, आंध्राचे लोक आले. देवाजी तिथं खलाशी म्हणून लागला. म्हणजे अवजड सामान साखळदंडानं वर चढवायचं काम. कॅम्प-१ नावाच्या वस्तीच्या बाजारात दुकानांची रांग लागली. देवाजीची पोरं हिंदीत भांडू लागली आणि मराठीत फक्त जेवायला मागू लागली. कुरुदची माणसं प्रत्येक नवीन चेहऱ्याकडे डोळे बारीक करून बघत. साधा कोणी रस्त्याला लागून लघवीला थांबला तरी 'जमीन पाहाले आला असन' म्हणत. कारण वावरांना एकाएकी भाव आला होता.

मला मात्र उतरती कळा लागली. सरकारनं किलो-लिटर आणलं. बाजारात माणसं येऊन जुनी मापं जप्त करून नेऊ लागली. ठकूबाईनं मला मागच्या खोलीत पालथी टाकली आणि माझ्या बुडावर दिवा ठेवू लागली. वर्षातून एकदाच मला उलटून उजेडात काढत. शकुबाई म्हातारी झाली होती आणि तिचं वावर देवाजी बटाईनं करायचा. तिचा वाटा तो माझ्यानं मोजून द्यायचा. तेव्हा त्याचा अंगठा कुठं असायचा ते सांगायला नको. शकुबाईला डोळ्यांनी कमी दिसायचं. पण मला वाटतं, तिला ते कळत होतं. तिचं वावर आपल्या वावराला लागून, तिला मागंपुढं कोणी नाही, आज ना उद्या ते आपल्यातच मिळणार, असं देवाजीनं मनाशी धरलंच होतं.

अशात आफ्रिकेतून खबर आली की चिंधू वारला. त्याची बायको आधीच गेली होती. एक मुलगी मागं राहिली. वर्षभरानं रामाजीही गेला.

तेरवी आटोपली आणि देवाजीनं दुर्गहून एक कागद करून आणला. रामाजीच्या मागं बायको आणि एकुलता एक मुलगा देवाजी, एवढेच वारस, बाकी कोणी नाही, असा. त्यावर गिरजाबाईचा अंगठा हवा होता.

"आज हाताले शेण हाय," गिरजाबाई म्हणाली. दुसऱ्या दिवशी हाताला हळद होती. मग अंगठा चुलीवर भाजला. मग अमावस्या आली. देवाजी कागद घेऊन यायचा आणि कागद घेऊन जायचा.

मित्रांनो, मी कोपऱ्यात पालथी पडून हे ऐकत होते. 'हे लेकरू माझं नाही' असं गिरजाबाईनं वर्षानुवर्षं म्हटलं होतं, पण ते काळाला फसवायला. आता तेच तिनं सरकारला सांगायचं होतं, आणि या वेळी ते कायमचं खरं ठरणार होतं. अंगठा उमटला असता तर तिच्या पोटी चिंधू कधी जन्मलाच नाही, असं झालं असतं.

एका दुपारी दारात रिक्षा थांबली. गावातली पोरं 'रशियन बाई, रशियन बाई' करत मागून पळत आली. फ्रॉक घातलेली, काळीसावळी, केस आखूड कापलेली मुलगी उतरली. हातात पेटी आणि कापडात बांधलेली एक छोटी लोटी. देवाजी कारखान्यातल्या पाळीवरून येऊन बसलाच होता.

"काका, मी चिंधूची हिरा," ती म्हणाली. "बाबाच्या अस्थी आणल्या. आत येऊ का?"

देवाजी उंबऱ्यातून हलला नाही. "चिंधूची कावून? नाव सांगाले काय लागते. कोणीबी सांगन."

"कोणीबी काहाले सांगन? चिंधू का लाटसाहेब व्हता?"

आत गिरजाबाई उठून बसली. देवाजीची पोरं तोंडाला हात लावून हसत होती. परदेशातून आलेली ही मुलगी त्यांच्या आजीसारखी बोलत होती. चिंधूनं तिला घरात तेवढीच भाषा शिकवली होती, आणि ती भाषा इथल्यासारखी हिंदीनं मळली नव्हती. देवाजीचा मात्र त्यामुळेच संशय वाढला. एवढं चोख बोलते, म्हणजे कोणीतरी शिकवून पाठवली असावी.

खरं सांगू? मलाही संशय आला. या घरी इतकी वर्षं कोणी फिरकलं नाही आणि वावराला भाव येताच पेटी घेऊन हजर?

अस्थी दारात थांबवू नयेत म्हणून गिरजाबाईनं तिला आत घेतलं, आणि ती मागच्या खोलीत हातपाय धुवायला आली. मला बघून थबकली. माझ्या बुडावरचा दिवा उचलून तिनं बाजूला ठेवला आणि मला घाईघाईनं सरळ केलं. फ्रॉकच्या टोकानं माझ्या आतली कोळ्याची जाळी पुसली.

"पायली पालथी ठेवू नोको, घरातलं धान जाते," ती स्वतःशीच म्हणाली. "बाबा सांगे. लहानपणी तो पालथी करून वर बसला व्हता, त आजीनं लई मारलं व्हतं."

दारात गिरजाबाई उभी होती. तो मार तिनंच दिला होता, आणि तेव्हा घरात तिसरं कोणी नव्हतं. ती पुढं आली आणि नातीच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. मी हिराचा अंगठा बघितला. तो माझ्या काठाच्या बाहेर होता. पण मी रिकामी होते, रिकाम्या पायलीशी कोणीही सरळ वागतं.

"ह्याच पायलीनं बाबाले इकलं व्हतं ना वं आजी?" हिरा हसत म्हणाली. "तो सांगे, माया मोल पायलीभर कोंडा."

देवाजीच्या हातातला चहा तसाच राहिला. मला ते बरं वाटलं नाही.

दोन दिवसांनी शिवनाथ नदीत अस्थी सोडून हिरा परत आली आणि तिनं काकाला सरळ सांगितलं. "बाबानं मरताना मले एकच सांगतलं. आजोबाच्या वावरात माया नाव पुसू देऊ नोको. मी त्यासाठी आली."

देवाजी आधी दुर्गच्या वकिलाकडे गेला. ही मुलगी आफ्रिकेत जन्मली, तिचा पासपोर्ट दुसऱ्या देशाचा, ती परत तिकडेच जाणार. अशीला इथल्या मातीत वाटा कसला, असं त्याचं म्हणणं होतं. संध्याकाळी तो परत आला तो तोंड पाडून.

"काय म्हणे वकील?" ठकूबाईनं विचारलं.

"म्हणते, समुद्र मधात आला म्हणून नातं तुटत नाही. बाप आजोबाच्या आधी मेला त त्याचा वाटा लेकीले. लेक कोठंबी राहो. मायचा एक, माया एक, तिचा एक."

मित्रांनो, देवाजीला तुम्ही वाईट म्हणू नका, निदान इतक्यात नको. ऊनपावसात नांगर त्यानं धरला होता. कारखान्यात दिवसभर साखळ्या ओढून तो संध्याकाळी बांध घालायचा. भाऊ गेला तो गेला, आणि आता त्याची न पाहिलेली मुलगी येऊन तिसरा हिस्सा माझा म्हणते. त्याचा जीव जळत होता. फक्त जळत्या जिवानं त्यानं जे शोधून काढलं, ते मात्र वाईट होतं.

त्यानं भाऊरावला बोलावलं. भाऊराव म्हणजे रामाजीच्या गँगचा जुना मुकादम. गावातली मराठी माणसं त्याचा शब्द ऐकत. शकुबाईलाही आणून अंगणात बसवलं. ती तळहातावर तंबाखू मळत बसली. हिरानं मला आतून आणून आजीजवळ ठेवलं. का ते तिलाच ठाऊक.

"कायदा कायद्याच्या जागी," देवाजी म्हणाला. "मी रीतीची गोष्ट करून राहिलो. मायनं चिंधूदादाले शकुमायले इकलं. सारं गाव जाणते. मलेबी इकलं, पण लग्नात मले वापस घेतलं. दादाले घेतलं काय? नाही घेतलं. मंग तो कोणाचा? मायचा का शकुमायचा?"

गिरजाबाईनं मान खाली घातली, कारण परत घेतलं नव्हतं हे खरंच होतं. हिरा तिच्याकडे बघत होती आणि गिरजाबाईला तिच्याकडे बघवत नव्हतं. तिचंच जुनं खोटं तिच्या धाकट्या मुलानं उचलून तिच्यासमोर ठेवलं होतं. मला त्याचा राग आला. ज्या मोजणीनं लेकरू वाचवलं, त्याच मोजणीनं आता त्याला घराबाहेर काढत होते, आणि साक्षीला मी.

"बरोबर बोलते पोरगा," शकुबाई म्हणाली.

भाऊरावनं चमकून बघितलं. देवाजीचा चेहरा खुलला.

"चिंधू मायाच," शकुबाई तंबाखू मळत म्हणाली. "म्या पायलीभर कोंडा देल्ला त्याच्यासाठी. मंग आता सांग, माया मागं माया वावर कोणाचं?"

देवाजी भाऊरावकडे बघू लागला.

"सांग ना बाप्पा. तू इतके वर्सं आस लावून बसला, मले काय समजत नाही? पण तुले त तुया मायनं वापस घेतलं. धान मोजून घेतलं. तू माया काही लागत नाही. चिंधू माया, त हे हिरा माई नात. माया वावर हिचं. भाऊराव, उद्या दुर्गाले चला. मी अंगठा लावून देते."

देवाजीनं एकदा आपल्या वावराकडे बघितलं, एकदा शेजारच्या. हिराचा इकडचा वाटा बुडवायला गेलं, तर तिकडचं सगळंच्या सगळं तिच्या ओटीत पडत होतं.

"तेलबी जाऊन राहिलं आन् तूपबी," भाऊराव गालात हसत म्हणाला.

"शकुमाय, असं कोठं असते," देवाजी घाईनं म्हणाला. "ते त नुसती रीत व्हये. कोणी खरंच आपलं लेकरू इकते काय?"

"नाही इकत?"

"नाही."

"मंग चिंधू कोणाचा?"

कारखान्याचा भोंगा झाला, पाळी बदलली, रस्त्यानं सायकली जाऊ लागल्या. शकुबाईनं तंबाखू तोंडात टाकली आणि वाट बघत बसली. तिला घाई नव्हती.

"मायचा," तो शेवटी म्हणाला.

"मोठ्यानं बोल. काळाले आयकू जाऊ दे."

"चिंधूदादा मायचा."

गिरजाबाई तेव्हा उठली. "मंग माया उधारीचं काम करून टाकते," ती म्हणाली. "देवाजी, कोठीतून धान काढ. तूच भर."

मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही. त्या वेळी माझं सगळं लक्ष देवाजीच्या अंगठ्यावर होतं. त्यानं मला धरलं, कोठीच्या तोंडाशी नेलं, आणि त्याचा अंगठा सवयीनं माझ्या काठावर आला. मग बाहेरच थांबला. शीग चढली. पण सगळे बघत होते, भाऊराव बघत होता, म्हणून ही गोष्ट मी त्याच्या नावावर जमा केली नाही.

गिरजाबाईनं मला दोन्ही हातांनी उचललं. एक दाणाही सांडला नाही. तिनं ते धान शकुबाईच्या पदरात ओतलं.

"माया लेकरू मले दे."

"घे वं," शकुबाई म्हणाली. "तुया शामराव तुले घे."

त्या दोघींखेरीज हे नाव त्या अंगणात कोणीच कधी ऐकलं नव्हतं. चिंधू जन्मला त्या दिवशी गिरजाबाईनं त्याचं नाव शामराव ठरवलं होतं. गँगमनच्या पोराला एवढं मोठं नाव, पण तिला हवं होतं. काळाच्या कानी जाऊ नये म्हणून तिनं ते नवऱ्यालाही सांगितलं नाही, फक्त धुऱ्यावर सूप देताना शकुबाईच्या कानात सांगितलं होतं. दोघींनी ते आयुष्यभर पोटात ठेवलं. आता काळ जे न्यायचं ते घेऊन गेला होता, लपवायचं कोणापासून?

"शामराव," गिरजाबाई एकदा म्हणाली. मग हिरा म्हणाली. बापाचं नाव तिला पहिल्यांदाच कळत होतं, आणि ती ते पुन्हापुन्हा म्हणून बघत होती.

मला वाटलं होतं शकुबाई हसेल, एवढा मोठा डाव तिनं जिंकला होता. ती पदरातलं धान धरून रडत होती. इतकी वर्षं तिचा एक मुलगा आफ्रिकेत होता. आता नव्हता.

नव्या कागदावर तीन नावं चढली. गिरजाबाईनं अंगठा लावला, त्या दिवशी तिच्या हाताला ना शेण होतं ना हळद. जाण्याआधी हिरा देवाजीला म्हणाली, "काका, वावर तुमीच करा. मी काही घेऊन जात नाही. माया वाट्याचं धान आजीले द्या, आन् आजीमागं शकुआजीले. पण ह्याच पायलीनं मोजजा."

"तिकडून तू पाहाले येशील काय?" देवाजीनं विचारलं. तो टोमणा होता की साधा प्रश्न, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"नाही येणार," ती म्हणाली. "म्हणून त सांगून राहिली."

ती गेली. आणि मला काळजीनं ग्रासलं. हक्क कागदावर चढतो मित्रांनो, पण धान तर हातानंच मोजावं लागतं. मालकीण समुद्रापार, गिरजाबाईनं अंथरूण धरलेलं, शकुबाईला आता अजिबात दिसत नव्हतं. मी वाट बघत होते ती पुढच्या सुगीची.

धान चुरून, म्हणजे मळून, झालं. खळ्यावर रास लागली. ठकूबाई पोरांना घेऊन घरी गेली होती. देवाजी एकटाच होता. कोणी बघितलं तर जप्त करतील म्हणून त्यानं मला पोत्याखाली झाकून आणलं होतं. त्यानं इकडेतिकडे बघितलं. माझा संशय पक्का झाला. जो इकडेतिकडे बघतो, त्याचा अंगठा आत जाणार, हे मी जन्मभर बघत आले आहे.

तुम्हाला ठाऊक असेल, पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. देवाजीनं मला राशीत खुपसलं आणि वर काढलं. अंगठा काठावर आला. जरासा आत वाकला. त्याचं टोक मला लागलं, खरबरीत, साखळ्या ओढून घट्टे पडलेलं. मग त्यानं तो बाहेर काढला. दुसऱ्या हातानं ओंजळभर धान घेऊन वर शीग चढवली, ती घसरून त्याच्या पायावर सांडली, तरी त्यानं आणखी टाकलं.

"शामरावचं," तो म्हणाला. "लाभ."

कोणी ऐकत नव्हतं, माझ्याशिवाय.

मित्रांनो, एका सुगीनं माणूस कळत नाही. मी पुढच्या सुगीलाही बघेन, त्याच्या पुढच्याही. मला चुलीत घालू नका, एवढंच मागते. तुमच्या घरी माझी एखादी बहीण अडगळीत पडली असेल, तर तिला पुसून सरळ ठेवा. कायदा तुम्हाला किलो-लिटर वापरायला सांगतो, ते खुशाल वापरा. पण जो दूर आहे, ज्याला बघायला येता येत नाही, त्याचा वाटा मोजायची पाळी तुमच्यावर आली, की एकदा खाली आपल्या हाताकडे बघा. अंगठा कुठं आहे?